शेरा : धाप लागते

‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’

आयटीतल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी हे वाक्य टेस्टिंगवाल्याच्या तोंडावर फेकलेलं असतं. मीही फेकलंय. पण गेले आठ महिने मी ते ज्या माणसाला ऐकवत होतो तो टेस्टर नव्हता. ते माझे बाबा होते. आणि मशीन म्हणजे आमची २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक.

त्याचं असं झालं. ही गाडी मी पुण्यात हप्त्यांवर घेतली, सहा वर्षं हिंजवडीच्या सिग्नलांवर घासली आणि लॉकडाऊनच्या वर्षी घरी बुलढाण्याला नेली ती तिथेच ठेवली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. साठीनंतर ड्रायव्हिंग शिकले आणि एकदम नियमात शिकले. इंडिकेटर दिल्याशिवाय हा माणूस अंगणातूनही गाडी बाहेर काढत नाही.

आईची अकोल्याला ट्रीटमेंट सुरू आहे. महिन्यातून एक चक्कर, असं मला सांगितलेलं होतं. बुलढाणा डोंगरावर, अकोला खाली सपाटीला. मधे बोथ्याचा घाट, मग खामगाव, मग हायवे. बाबा गाडी चालवणार, आई मागच्या सीटवर आडवी. मी पुण्यात लॅपटॉपसमोर. व्यवस्था एकदम सेट.

मग एक दिवस बाबांचा फोन. ‘‘अरे, गाडी घाटात जरा धाप टाकते.’’

‘‘बाबा, गिअर खाली टाका ना.’’

‘‘टाकतो. टाकल्यावरच जास्त करते.’’

‘‘सर्व्हिस सेंटरला दाखवा. कंपनीतच दाखवा हं, इकडे-तिकडे नको.’’

दाखवली. तिथल्या पोराने गावात एक चक्कर मारली आणि ‘नो फॉल्ट फाउंड’ असा कागद दिला. पुढच्या महिन्यात बाबांनी परत तेच सांगितलं. मी फोनवरूनच नवे प्लग, नवा एअर फिल्टर आणि कसलंसं ‘इंजिन क्लीनिंग पॅकेज’ असं सगळं एकदम करायला लावलं. बिल मी भरलं, त्यामुळे आपण मुलगा म्हणून किती ग्रेट आहोत याचंही समाधान मिळालं. तिसऱ्यांदा परत ‘नो फॉल्ट’. त्यानंतर बाबांनी सांगणंच बंद केलं. मला वाटलं, झाली गाडी नीट.

आता मंडळी, इथे एक छोटासा टेक्निकल ब्रेक. ‘हाय आरपीएम’ म्हटलं की आपल्याला वाटतं समृद्धी महामार्ग, १२०चा स्पीड, खिडकीतून वारा वगैरे. तसं काही नसतं. आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, गाडीचा वेग नव्हे. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वेग चाळीसचा असतो आणि काटा ३५०० वर. उलट तुमच्या-माझ्या गाड्या सिग्नल ते सिग्नल क्वचितच अडीच हजारांच्या वर जातात. म्हणजे गाडीला साडेतीन हजारांनंतर धाप लागते, हे शहरातल्या माणसाला वर्षभर कळणारही नाही. गावातल्या एका चकरेत सर्व्हिस सेंटरच्या पोराला तरी कसं कळणार?

आणि साडेतीन हजारांना काय होतं? चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटतं. ३६०० फेऱ्यांना एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला ३० स्फोट. चार सिलिंडर धरले तर १२०. प्रत्येक स्फोटाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिघांनी वेळेवर हजर राहायचं असतं. हळू चालताना कुणी जरा लेट आला तरी खपून जातं. काटा वर गेला आणि चढ लागला, की कोणाची तब्येत बरी नाही ते उघडं पडतं.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी ट्रॅव्हल्सने रात्रभर हिंदकळत बुलढाण्याला पोचलो. शनिवारी सकाळी चहा घेता घेता सहज विचारलं, ‘‘गाडी काय म्हणते?’’ बाबा काही बोलले नाहीत. उठले, आतून शंभरपानी वही आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

हेडमास्तर टाइप सुवाच्य अक्षर. पट्टीने मारलेले रकाने. तारीख. ठिकाण. गिअर. काटा. टाकी. आणि शेवटचा रकाना अर्थातच, ‘शेरा’.

‘बोथा घाट, परत येताना. तिसरा. ३५००. पाव. शेरा : धाप लागते. पाय काढल्यावर बरी.’

‘बोथा घाट, जाताना. काही नाही.’

‘बोथा घाट, परत येताना. दुसरा. ३८००. पावापेक्षा कमी. शेरा : फार धाप. आई घाबरली.’

चाळीस पानं. मी आयुष्यात पाहिलेला सर्वात सुंदर बग रिपोर्ट. आमच्या ऑफिसात ‘अ‍ॅप चालत नाही, अर्जंट’ एवढ्यावर तिकीट फाडणाऱ्या लोकांना मला ती वही दाखवावीशी वाटली.

पानं उलटताना एका ओळीवर थांबलो. ‘बोथ्याच्या वर. तिसरा. ३६००. पाव. शेरा : कापसाच्या ट्रकला ओव्हरटेक सोडला. समोरून एसटी.’

एवढंच. शिक्षकी पेशातल्या माणसाने लिहिलेली दहा-बारा शब्दांची नोंद. पण ज्याने कधी दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या बाजूला निघून पाय दाबलाय त्याला कळेल. पाय दाबला, गाडी पुढे जायच्या ऐवजी गपकन बसली, समोर लाल एसटी. ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे. आणि मागच्या सीटवर आई. त्या तारखेला मी काय करत होतो ते फोनमध्ये पाहिलं. टीम लंच होता. फोटोपण आहेत.

आणि दुसरी गोष्ट मला जरा उशिरा दिसली. तारखा. दर महिन्याला एक नव्हे, गेल्या दोन महिन्यांत तर जवळजवळ दर आठवड्याला एक. मी बाबांकडे पाहिलं. ते वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, ‘‘डोस बदललेत. तुला सांगून उगाच कशाला.’’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘पोहे थंड होऊ राह्यलेत.’’

विषय तिथे संपला. म्हणजे त्यांनी संपवला.

पोहे खाऊन गाडी काढली आणि चिखली रोडवरच्या एका गॅरेजला नेली. कंपनीचं वगैरे काही नाही. पत्र्याची शेड, बाहेर लिंबाचं झाड, झाडाखाली तीन उघडी बॉनेटं. मिस्त्री पन्नाशीचे, बाबांचे चौथीतले विद्यार्थी. हातातला पाना खाली ठेवून आधी बाबांच्या पाया पडले, मग बॉनेट उघडलं.

‘‘गुरुजी, मले आधी काऊन नाही आणली गाडी?’’

बाबांनी उत्तर दिलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाच्या झाडाकडे पाहिलं.

मी माझं ज्ञान पाजळायला सुरुवात केली. रात्री बसमध्ये बरंच वाचलं होतं. कॉइल असेल, सेन्सर असेल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झाला असेल. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वही मागितली. पुढची दहा मिनिटं त्या माणसाने इंजिनाला हातही लावला नाही. नुसती वही वाचली. मधेच विचारलं, ‘‘जातानी कधीच नाही?’’

‘‘कधीच नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘जाताना उतार आहे.’’

‘‘आन टाकी भरेल असली तं?’’

बाबा थांबले. त्यांनी स्वतःच लिहिलेल्या नोंदींत हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. टाकी अर्ध्याच्या वर असताना धापेची एकही नोंद नव्हती. तशा नोंदी होत्याच तीन. कारण बाबा पेट्रोल भरतात ते पाचशेचं. स्कूटरच्या काळापासूनची सवय. टाकी कायम पावाच्या आसपास.

मी न्यूट्रलमध्ये गाडी रेस करून दाखवली. काटा पाच हजारांपर्यंत गेला, आवाज एकदम स्वच्छ. ‘‘बघा, इथे काहीच होत नाही,’’ मी म्हणालो. पुन्हा तेच, माझ्या मशीनवर चालतंय.

‘‘भाऊ, बिनावजनाचं तं म्हतारंबी पयते,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘पाठीवर पोतं द्या, मंग पाहा.’’

हे वाक्य मी डेस्कवर चिकटवणार आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनावर लोडच नसतो. पेट्रोल थोडं लागतं, ठिणगीवरही ताण नसतो. न्यूट्रलमध्येच खोकत असती तर सेन्सर किंवा वायरिंगकडे आधी पाहिलं असतं. फक्त चढावर खोकते, म्हणजे ताण आल्यावर कोणीतरी कमी पडतंय. पण कोण? ठिणगी, हवा की पेट्रोल?

मग त्यांनी चारही प्लग काढून एका कापडावर ओळीने मांडले. प्लगचं टोक म्हणजे इंजिनाची जीभ. डॉक्टर जीभ बघतो तसं मिस्त्री प्लग बघतात. काळा, काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरका, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी. तांबूस-करडा म्हणजे ठणठणीत. आमचे चारही सारखेच पांढरे.

‘‘एकाले सर्दी झाली तं त्याची त्याले,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘चारीले एकदम झाली म्हंजे घरचं हवा-पाणी पाहा लागते.’’

कॉइल प्रत्येक प्लगला स्वतंत्र. एक कॉइल गेली तर एकच सिलिंडर रुसेल. चौघांचं तोंड एकदम पांढरं पडलंय म्हणजे बिघाड तिथे आहे जिथून चौघांनाही मिळतं. माझी कॉइलची थिअरी गेली. शिवाय ठिणगी चुकली की गाडी झटका मारते, टकटक असे धक्के बसतात. पेट्रोल कमी पडलं की ती हळूहळू बसते, श्वास कोंडल्यासारखी, आणि पाय काढला की सावरते. बाबांनी पहिल्या दिवसापासून ‘झटका’ लिहिलंच नव्हतं. ‘धाप’ लिहिलं होतं. मराठीचे मास्तर होते शेवटी.

हवेचं काम सोपं होतं. नवा फिल्टर स्वच्छ होता. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून मिस्त्रींनी पोराला रेस द्यायला सांगितली. मोकळा जोर होता. मागून धूर अडत असेल तर इंजिन पुढून नवी हवा घेऊच शकत नाही. कन्व्हर्टरची थिअरीपण गेली.

माझ्या बॅगेत एक डोंगल होतं. ऑनलाइन घेतलेलं, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचं आणि मोबाइलवर आकडे बघायचे. भारतात २०१३ नंतरच्या गाड्यांना हे सॉकेट सर्रास असतं; तुमच्याही गाडीत असेल, स्टिअरिंगच्या खाली हात घालून बघा. मी जरा बिचकतच ते काढलं. मला वाटलं मिस्त्री हसतील. ते म्हणाले, ‘‘लावा ना! मापाचं वाईट नसते.’’

‘चेक इंजिन’चा दिवा लागलेला नसला तरी आत एक पेंडिंग कोड पडून होता. पी-०१७१. अर्थ, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. त्याहून कामाचा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. इंजिनाचा कॉम्प्युटर दर क्षणी सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजतो आणि पेट्रोल किती टक्के वाढवायचं किंवा कमी करायचं ते ठरवतो. उभ्या गाडीत आकडा अधिक ३. म्हणजे नॉर्मलच. आता इथे एक मस्त फंडा आहे. इंजिनात कुठे फटीतून जास्तीची हवा शिरत असेल तर हा आकडा उभ्या गाडीत मोठा येतो आणि रेस दिल्यावर कमी होतो. पेट्रोल कमी पडत असेल तर उलटं, उभ्या गाडीत ठीक आणि चढावर बोंब.

म्हणजे आता चढावर जाणं आलं.

मिस्त्रींनी पेट्रोलच्या लाइनला प्रेशरचं मीटर जोडलं. लांब नळीचं. मीटर बॉनेटच्या फटीतून बाहेर काढलं आणि काचेवर, बाहेरच्या बाजूने, चिकटपट्टीने बसवलं. पेट्रोलची नळी आत केबिनमध्ये घ्यायची नाही, हा नियम त्यांनी दोनदा सांगितला. तुम्ही घरी असले उद्योग करू नका, हे मी तुम्हाला एकदाच सांगतो. टाकी मुद्दाम पावावरच ठेवली. मिस्त्री चालवायला, बाबा पुढे वही घेऊन, मी मागे आईच्या जागेवर मोबाइल घेऊन.

बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सागाचं जंगल, अस्वलं, बिबटे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ जवळपास ३००० किलोमीटर चालून याच जंगलात येऊन मुक्कामाला थांबला होता. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून ते अंतर कळलं. तेवढं चालून त्याला धाप लागली नाही, आणि आमची गाडी पन्नास किलोमीटरला टेकते, असा एक पांचट जोक मी मारला. कोणी हसलं नाही.

घाट उतरलो, खामगावपर्यंत गेलो, चहा घेतला. इंजिन आणि दुपार दोन्ही चांगले तापले. मग परत.

चढ सुरू झाला तेव्हा काचेवरच्या मीटरचा काटा साडेतीन बारवर होता. अशा गाड्यांत साधारण तीन ते चारच्या दरम्यान असतो, आणि महत्त्वाचं म्हणजे तो तिथेच टिकायला हवा. पहिलं वळण, साडेतीन. मिस्त्रींनी तिसरा टाकला आणि पाय दाबला. ३०००. सव्वातीन. माझ्या मोबाइलवर ट्रिम अधिक ११. ३३००. काटा पावणेतीनवर. अधिक १९. ३५०० आणि मीटरचा काटा जिना उतरावा तसा दोनवर आला. गाडीने श्वास सोडला. पाय दाबलेला, आवाज फाटलेला आणि वेग कमी कमी होत चाललेला. मागून एक जीप हॉर्न मारत आली.

मी आठ महिने फोनवर ‘गिअर खाली टाका’ म्हणत होतो ते हे. मागच्या सीटवर बसल्यावर कळलं की समोरचं काही दिसत नाही, नुसतं गाडी बसतेय एवढं पोटात कळतं.

‘‘पंप,’’ मिस्त्री म्हणाले आणि पाय काढला. काटा सरसर वर आला.

बाबांनी वहीत नोंद केली.

गॅरेजला परत आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. आताच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच बुडवलेला असतो. आजूबाजूचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी सतत पावावर असेल तर बिचारा अर्धा उघडा, तापत राहतो आणि वय झालं की गरम झाल्यावर दम टाकतो. सकाळी थंड असताना, उतारावर, भरल्या टाकीत तो एकदम शहाणा. सर्व्हिस सेंटरला सकाळी दहाला तो नेमका असाच शहाणा भेटला होता.

हा प्रकार काही आपल्या हॅचबॅकपुरता नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांचं मर्लिन इंजिन असंच ऐनवेळी दगा द्यायचं. नाक खाली करून सूर मारला की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं, इंजिन आधी उपाशी राहायचं आणि मग ठसका लागल्यासारखं त्यात पेट्रोल भरायचं. जर्मन विमानांना फ्युएल इंजेक्शन होतं, त्यामुळे ते सुसाट खाली निघून जायचे. बिअ‍ॅट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईने १९४१ मध्ये यावर तोडगा काढला. काय, तर पेट्रोलच्या वाटेत बसवायची भोक असलेली एक छोटीशी धातूची चकती. ती बसवायला त्या स्वतः एअरफोर्सच्या तळांवर फिरल्या. या बाई मोटरसायकलच्या रेसही मारायच्या, हे वेगळं सांगायला नकोच. तर सांगायचा मुद्दा, इंजिन भारी असून भागत नाही. त्याच्या तोंडापर्यंत घास पोचावा लागतो.

मागची सीट उचलली. खाली एक झाकण. मिस्त्रींनी आधी लाइनचं प्रेशर उतरवलं, बॅटरीची वायर काढली, शेजारच्या टपरीवाल्याला विडी विझवायला लावली, आणि मग पंप वर ओढला. त्याच्या पायाशी एक जाळी असते, मोज्यासारखी. नवी असताना पांढरी. आमची काळीकुट्ट, चिखलात चालून आलेल्या मोज्यासारखी. मिस्त्रींनी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. खाली बोटभर वेगळा थर, गढूळ. वर पेट्रोल.

‘‘पाणी,’’ मी म्हणालो. इथे माझं बसमधलं वाचन कामाला आलं. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते टार्गेट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं गेलं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पार्ट ते डोळ्यासमोर ठेवून बनवलेत, आमची त्याच्या नऊ वर्षं आधीची. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात आणि तळाला बसतात. रिकाम्या टाकीत हवा जास्त, हवेत दमट जास्त. मी तावातावाने सगळं सांगितलं.

मिस्त्रींनी बाटली हलवली. ‘‘आसन. पाणी टाकीतलं, का पंपावरचं, का पावसात झाकणातून गेलं, हे मले ह्या बाटलीतून नाही सांगता येत. जाळी जाम हाय आन पंप थकेल हाय, हे सांगता येते.’’

जेवढं मोजलं तेवढंच बोलणारा माणूस. आमच्या कंपनीत अशा माणसाला प्रिन्सिपल आर्किटेक्ट म्हणतात आणि त्याला वेगळं केबिन असतं.

टाकी उतरवून धुतली. जाळी नवी, पंप नवा, फिल्टर नवा. पंप खामगावहून मागवला, तो एसटीच्या पार्सलने संध्याकाळी आला. माझ्या आठ महिन्यांच्या ‘पॅकेज’च्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं. जुने काढलेले प्लगही चांगलेच होते, असं कळलं. मी बदलायला लावलेल्या वस्तूंपैकी एकीचीही गरज नव्हती. तीन गोष्टी एकदम बदलल्या की नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि काय नव्हतं तेही कळत नाही, हे मी दर आठवड्याला ज्युनिअर पोरांना शिकवतो. पगार घेऊन.

मिस्त्री मजुरी घ्यायला तयार नव्हते. बाबांनी शिक्षकी आवाज काढला तेव्हा घेतली. निघताना एकच सांगितलं, ‘‘गुरुजी, पाचशेचं टाकणं बंद करा. अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.’’ बाबांनी मान डोलावली, पण पेट्रोल पंपावर सवयीने बोट पाकिटाकडे गेलं आणि तोंडातून ‘पाच...’ निघालंच. मग थांबले. ‘‘फुल्ल कर,’’ म्हणाले. असं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी सकाळी पुन्हा घाट. या वेळी बाबा स्वतः चालवायला. परतीच्या चढावर तिसरा टाकला, पाय दाबला. ३५००. ३८००. ४०००. गाडी गाणं म्हणत वर. एका वळणावर त्यांनी ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलं, अर्थातच इंडिकेटर देऊन. माझ्या मोबाइलवर ट्रिम अधिक ४. मी तो आकडा मोठ्याने वाचला. बाबांनी विचारलं, ‘‘म्हणजे पास?’’

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत निघालो. बसायच्या आधी आईला म्हटलं, आता दर आठवड्याला कधी जाता ते मला सांगायचं, मी येईन किंवा किमान फोनवर असेन. ती म्हणाली, ‘‘तू ये तुझ्या सोयीनं. गाडी तं आता नीट झाली ना.’’ काय बोलणार?

मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये होतो. स्क्रीनवर कोणाचं तरी प्रेझेंटेशन चालू होतं. फोन व्हायब्रेट झाला. बाबांचा मेसेज. ते अजून पूर्णविराम देऊन मेसेज लिहितात.

‘बोथा, परत येताना. तिसरा. ४०००. टाकी पाऊण. शेरा : काही नाही. आई झोपली होती.’